ईकोचे बल्ब : एलईडी कुठे लावावेत आणि कुठे हॅलोजनच बरे

गेल्या दोन महिन्यांत दुकानात टॉवेल घ्यायला आलेल्या तिघांनी तरी मला हे विचारलं, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. जुन्या व्हॅनचे सगळे बल्ब काढून एलईडी करून घ्यावेत का?

माझी मारुतीची ईको व्हॅन 2013 ची, एमएच-13 म्हणजे सोलापूर पाटीची, माल वाहायची. चादरी-टॉवेलचे गठ्ठे घेऊन पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, कधी विजयपूर. निघायचं पहाटे अंधारात आणि परतायचं रात्री, त्यामुळे दिव्यांशी संबंध रोजचा. मी आधी हौसेनं सगळीकडे एलईडी लावले आणि मग काही ठिकाणचे मुकाट्यानं काढले. कोणते काढले आणि का, एवढंच सांगण्यासारखं आहे.

आतल्या दिव्याबद्दल फार बोलायला नको. तिथे एलईडीच लावा. मूळचा बल्ब, तो काचेच्या नळीसारखा दोन्ही टोकांना टोप्या असलेला, उजेड कमी आणि ऊब जास्त देतो. वरचं झाकण पिवळं पडतं ते त्यामुळेच. त्या उजेडात मला गडद निळा टॉवेल आणि काळा टॉवेल सारखाच दिसायचा. अक्कलकोटला एकदा चुकीचा गठ्ठा उतरवून आलो होतो, तो याच दिव्याच्या कृपेनं. दुसरं म्हणजे विसरभोळेपणा. माल भरताना लावलेला आतला मागचा दिवा रात्रभर तसाच राहिला, तर म्हाताऱ्या बॅटरीला सकाळी स्टार्टर फिरवणं जड जातं. एलईडी राहिला तर निदान गाडी सुरू तरी होते. फक्त निळसर पांढरा घेऊ नका, डोळ्यांना टोचतो. आणि लावल्यावर पेटला नाही तर लगेच दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. एलईडीला उलट-सुलट असतं, काढून फिरवून बसवा.

नंबरप्लेटचा आणि पुढच्या पार्किंगचा टी-टेन, म्हणजे टोपी नसलेला छोटा काचेचा बल्ब, तिथेही एलईडी. पुढे चला.

मागचे दिवे मात्र जपून. इथे एलईडीचा एक फायदा खरा आहे. तारेचा बल्ब तापून पूर्ण पेटायला सेकंदाचा साधारण पाचवा भाग घेतो, एलईडी लगेच पेटतो. ताशी साठच्या वेगानं मागून येणारी गाडी तेवढ्यात तीन-साडेतीन मीटर पुढे आलेली असते. पुणे रस्त्यावर मागे ट्रक चिकटलेला असताना हे तीन मीटर मला हवेसे वाटतात. पण तो डबल पॉइंट बल्ब, म्हणजे पार्किंग आणि ब्रेक एकातच असलेला, स्वस्तातला घेतला तर दोन्ही उजेडांत फरकच कळत नाही. मी पहिली जोडी तशीच आणली. मुलाला मागे उभं करून ब्रेक दाबला आणि विचारलं, “लागला का?” तो म्हणाला, “लागलेलाच आहे की!” जोडी परत केली. शिवाय लाल काचेमागे पांढरा एलईडी लावला तर गुलाबी दिसतो, कारण पांढऱ्या एलईडीत लाल रंग मुळात कमी. लाल काचेमागे लाल आणि नारिंगी काचेमागे नारिंगी, असं मागून घ्या.

इंडिकेटरचं दुखणं बहुतेकांना माहीत असेल. जुना फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटरची उघडझाप करणारी डबी, एकवीस-एकवीस वॅटच्या दोन बल्बांच्या ओढीवर चालायचा. एलईडी जेमतेम काही वॅट ओढतो, त्यामुळे फ्लॅशरला वाटतं एक बल्ब उडाला आणि तो टकटकटकटक घाईनं मारायला लागतो. यावर दोन इलाज सांगतात. एक म्हणजे बल्बाला समांतर रेझिस्टन्स जोडणं. तो सोनेरी अॅल्युमिनियमचा तुकडा हात लावता येऊ नये इतका तापतो. वीज वाचवायला एलईडी लावायचा आणि वाचलेली वीज तापवण्यात घालवायची, हे मला पटलं नाही. त्यात माझ्या गाडीत मागे सगळा सुती माल, फरशीवर सुताची फोलपटं. तिथे गरम वस्तू नकोच. दुसरा इलाज एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर, जुन्याच्या जागी बसणारा. तो लावला आणि विषय संपला. तुम्हाला तेवढीही खटपट नको असेल, तर इंडिकेटर जुनेच राहू द्या, काही बिघडत नाही.

आता हेडलाइट. खरा निर्णय इथेच आहे.

एच-फोर हॅलोजन, म्हणजे डिप (जवळचा, खालचा उजेड) आणि अप्पर (लांबचा) अशा दोन तारा एकातच असलेले बल्ब, काढून पंखा असलेले एलईडी लावले, तेव्हा पहिला आठवडा मी खूश होतो. बोनेटपुढचा रस्ता दिवसासारखा पांढरा. होटगी रस्त्यावर शेजाऱ्याला मुद्दाम फेरी मारून आणलं. मग एका रात्री तुळजापूरहून परत येताना समोरच्या गाड्या डिपर मारायला लागल्या. मला वाटलं अप्पर राहिला असेल. मीटरमधला निळा दिवा बघितला, तो बंद. डिपच होता. तरी एकामागून एक, टेम्पो, एसटी, मोटारसायकलवालेसुद्धा. पुढचे चार महिने हेच. कोणी दोनदा डिपर मारून गप्प बसायचा, कोणी चिडून अप्पर लावायचा आणि अगदी अंगावर येईपर्यंत काढायचाच नाही. म्हणजे माझा उजेड जितका वाढला तितका समोरचाही वाढला, आणि त्या झगझगाटात मला पूर्वीपेक्षा कमी दिसायला लागलं.

शहरातल्या शहरात हे चालून गेलं असतं. पण गाळपाच्या दिवसांत आपल्या जिल्ह्यातले रस्ते तुम्हाला माहीत आहेत. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. तामलवाडीच्या अलीकडे समोरून एकानं रागानं अप्पर धरलेला आणि त्याच वेळी माझ्या पुढ्यात अशी ट्रॉली. दिसली, पण उशिरा दिसली. नवरात्रात याच रस्त्याच्या कडेनं माणसं पायी तुळजापूरला जातात, हे डोक्यातून जाईना.

घरी आल्यावर एक साधी गोष्ट केली, ती तुम्हीही करून बघा. गाडी दुकानाच्या बंद शटरसमोर वीस-पंचवीस फुटांवर सपाट जागेत लावली, डिप टाकला. एका बाजूला हॅलोजन बसवलेला, दुसऱ्या बाजूला एलईडी. हॅलोजनचा उजेड शटरवर एका ठरावीक पट्टीपर्यंत चढून थांबला, वर अंधार. एलईडीचा उजेड शटर, पाटी आणि वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची वाळत घातलेली चादर इथपर्यंत. डिप म्हणून मी रस्त्यावर हेच घेऊन फिरत होतो.

आमच्या लाइटवाल्यानं ते एका वाक्यात सांगितलं, “मालक, बल्ब बदललात, रिफ्लेक्टर तोच आहे की.” रिफ्लेक्टरचा आकार बारीक तारेच्या नेमक्या जागेवरून ठरवलेला असतो. एच-फोरमध्ये डिपच्या तारेखाली छोटी धातूची वाटी असते, ती रिफ्लेक्टरच्या खालच्या भागावर पडून वर जाणारा उजेड अडवते. एलईडीत तारेऐवजी पट्टीच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेले चिप, मध्ये पट्टीची जाडी. उजेड थोडा बाजूला सरकला तरी रिफ्लेक्टर तो भलतीकडे फेकतो. मी स्क्रू फिरवून हेडलाइट खाली करून घेतले. डिपर मारणारे कमी झाले, पण मग लांबचं दिसेना. आणि जवळचा रस्ता फार पांढरा झाला की डोळे त्यालाच सरावतात, लांबचा अंधार आणखी काळा वाटतो. पावसात ओल्या डांबरावर तर तो पांढरा उजेड विरघळल्यासारखा व्हायचा. हा माझ्या डोळ्यांचा, पन्नाशीचाही दोष असेल, नाकारत नाही.

महागातले एलईडी असे करत नाहीत म्हणतात. नसतीलही करत, मी ते वापरलेले नाहीत. ज्यांच्या गाडीला कंपनीचाच प्रोजेक्टर किंवा एलईडी हेडलाइट आहे, त्यांचा तर प्रश्नच वेगळा. मी बोलतोय ते साध्या रिफ्लेक्टरच्या व्हॅनबद्दल.

हॅलोजनकडे परतताना मात्र एक काम करून घ्या, नाहीतर “उजेडच नाही” म्हणून पुन्हा एलईडीकडे वळाल. जुन्या गाडीत हेडलाइटचा करंट स्टिअरिंगच्या स्विचमधून, बारीक वायरींतून फिरून येतो. दोन्ही बल्ब मिळून नऊ-दहा अँपिअर. वाटेत व्होल्टेज पडतं, आणि हॅलोजनला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर उजेड जवळपास तीस टक्क्यांनी घटतो. माझ्या गाडीत बॅटरीवर साडेतेरा व्होल्ट आणि होल्डरवर बाराहूनही कमी भरले. दोन रिले (स्विचच्या थोड्याशा करंटवर मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या डब्या), फ्यूज आणि बॅटरीपासून थेट जाड वायर, एवढं केल्यावर तोच साठ-पंचावन्न वॅटचा साधा बल्ब ओळखू येईना. अर्थिंगही नवं करून घ्या, ते सगळे विसरतात. सगळं मिळून मला एलईडीच्या निम्म्या पैशांत पडलं.

“शंभर-नव्वद वॅटचा बल्ब लावा, झकास दिसेल,” असंही कोणी सांगेल. ऐकू नका. एका ओळखीच्या टेम्पोवाल्याचा होल्डर वितळलेला आणि रिफ्लेक्टर काळवंडलेला मी पाहिलाय. हॅलोजन वर्ष-दोन वर्षांत उडतो, हे मान्य. पण तो कुठल्याही गावच्या स्पेअरच्या दुकानात, रात्री ढाब्याशेजारच्या टपरीतही मिळतो. डिकीत एक जास्तीचा ठेवला की झालं. पासिंगच्या वेळी हेडलाइटचं तोंड तपासतात, तिथेही काळजी राहत नाही.

तेव्हा माझी ईको आत्ता अशी आहे: आत एलईडी, मागे लाल एलईडी, इंडिकेटर नव्या फ्लॅशरवर, पुढे रिलेवरचा हॅलोजन. तुम्ही फक्त शहरात फिरत असाल तर कदाचित वेगळं ठरवाल. रात्री हमरस्त्यावर जाणार असाल तर आधी ती शटरची परीक्षा करा, मग पैसे द्या.

काढलेली एलईडीची जोडी मी टाकली नाही. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत स्टॉलवरची वीज गेली की जुन्या बॅटरीला तीच जोडतो. निळा टॉवेल निळा दिसतो आणि समोरून कोणी डिपर मारत नाही.