फोनवरच्या सूचना: रेकॉर्ड करून घ्याव्यात की संगणकाकडून बोलून घ्याव्यात?

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबच्या फोनवर बरेच दिवस दोन वेगळे आवाज होते. "रिपोर्टसाठी एक दाबा" हे आधीच्या रिसेप्शनिस्टने मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं. ती सोडून गेली, मग घोडबंदर रोडला दुसरी शाखा निघाली आणि त्या शाखेची ओळ नव्या मुलीच्या आवाजात चढवली. मागे पंख्याची घरघर, रिक्षाचे हॉर्न आणि आवाज निम्म्याने बारीक. वयस्कर पेशंट नेमके तिथेच फोन ठेवायचे. कॉल भलतीकडे लागला असं त्यांना वाटायचं.

म्हणून स्टाफकडून रेकॉर्डिंग फुकट पडत असलं, तरी सूचना कधीही बदलणार असतील तर त्या वाटेला जाऊ नका.

स्टुडिओत व्हॉइस आर्टिस्टकडून करून घेतलं तर आवाजातला धीर खरा असतो, आणि आजारी माणसाला तो लागतो. अडचण सहा महिन्यांनी येते. एक वेळ बदलायची तर तोच आर्टिस्ट, तोच माइक, तोच सूर पुन्हा जुळवावा लागतो. शिवाय टोकन नंबर बोलून दाखवायचा असेल तर इंग्रजीत 'ट्वेंटी' आणि 'थ्री' जोडून काम भागतं. मराठीत 'तेवीस' हा स्वतंत्र शब्द. म्हणजे 0 ते 99 अशी शंभर रेकॉर्डिंग्ज.

टेक्स्ट-टू-स्पीच म्हणजे लिहिलेलं संगणकाने वाचून दाखवणं. त्यात खरी मेहनत लिहिण्याची. सगळ्या सूचना एका फाइलमध्ये, एका ओळीला एक सूचना. आवाज आणि वेग एकदा ठरवायचा, मग हात लावायचा नाही. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट दोघांकडे मराठी आवाज आहेत. मायक्रोसॉफ्टच्या दोघांची नावं आरोही आणि मनोहर. ईस्पीक एनजी हे सॉफ्टवेअर मोफत आहे, मराठी बोलतं, पण फार यांत्रिक. पेशंटच्या कानावर मी ते घालणार नाही.

लिहिताना आकडे आणि संक्षेप टाळा. '7.30' नको, 'साडेसात' लिहा. 'डॉ.' नको, 'डॉक्टर' लिहा. '022' मशीन 'बावीस' वाचू शकतं, म्हणून 'शून्य दोन दोन'. आवाज निवडायला मी एकच वाक्य वापरतो: "पाचपाखाडी शाखेसाठी चार दाबा." 'पाच'मधला च दंत्य (जीभ दातांपाशी, 'त्स'सारखा), 'चार'मधला तालव्य (जीभ टाळूला). हिंदी वळणाचा आवाज दोन्ही सारखेच म्हणतो आणि ठाण्याच्या माणसाला ते लगेच खटकतं. हे वाक्य ज्याला नीट जमतं, तोच आवाज घ्या.

आणि हेडफोनवर ऐकून पसंती देऊ नका. साध्या टेलिफोन लाइनवर साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढंच जातं, आवाजाचे सेकंदाला 8000 नमुने. स्टुडिओतली चकाकी, 'स' आणि 'श'ची धार, बरीचशी तिथेच गळते. महागडं रेकॉर्डिंग आणि चांगला संगणकी आवाज यांतलं अंतर फोनवर बरंच कमी होतं ते यामुळे. आवाजाची फाइल 8 किलोहर्ट्झ (म्हणजे तेच सेकंदाला 8000 नमुने), 16 बिट, मोनो करून सिस्टिममध्ये चढवा आणि स्वतःच्या मोबाइलवरून कॉल लावून ऐका. 'सात' आणि 'साठ' वेगळे कळतात का, एवढं पाहा.

तुमच्याकडे एकच स्वागताची ओळ असेल आणि ती वर्षानुवर्षं तशीच राहणार असेल, तर माणसाचाच आवाज घ्या. वेळा, शाखा, डॉक्टर बदलत असतील तर टेक्स्ट-टू-स्पीच, आणि मग स्वागतही त्याच आवाजात. स्वागत माणसाचं आणि मेनू मशीनचा असं केलंत तर पुन्हा दोन आवाज झाले. कंपन्या अधूनमधून आवाज सुधारतात, म्हणून एक ओळ बदलली तरी सगळ्या सूचनांचा आवाज नव्याने बनवा. काम काही मिनिटांचं आहे.

गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला लॅब दीडलाच बंद होणार होती. आदल्या संध्याकाळी फाइलमध्ये 'साडेसात'च्या जागी 'दीड' लिहिलं, सगळ्या सूचना पुन्हा काढल्या आणि घरी जाण्याआधी फोन लावून ऐकल्या. आवाज तोच होता.