मोनेचा सूर्य ‘उठवून’ दिला

बेळगावात टिळकवाडीत मी ड्रॉइंगच्या लोअर-हायर परीक्षांचा वर्ग घेते. वर्गाच्या भिंतीसाठी फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं ‘इम्प्रेशन, सनराइझ’ शहापुरातल्या एका फ्रेमवाल्याकडून कॅनव्हासवर छापून घेतलं. फाइल माझीच. माप मूळ चित्राचंच दिलं, 48 बाय 63 सेंटीमीटर. एवढं गाजलेलं चित्र म्हणजे भिंतभर असणार, असं मुलांना वाटत असतं.

फ्रेमचं काम नंबर एक. सागवानी पट्टी, कोपऱ्यात नख शिरणार नाही असा जोड, कॅनव्हासला कुठे झोळ नाही. चित्रकार के. बी. कुलकर्णींच्या गावात एवढी अपेक्षा ठेवायला हरकत नाही म्हणा.

घोळ छपाईत. सूर्य कपाळावरच्या टिकलीसारखा ठळक! विचारलं तर मालक खुशीत म्हणाले, “मॅडम, सूर्य फिका दिसालता, जरा उठवून दिलो बघा.” आता काय बोलणार! 1872 साली फ्रान्समधलं ल हाव्रचं बंदर रंगवताना मोनेने तो नारिंगी गोळा भोवतीच्या करड्या-निळ्या धुक्याइतकाच उजळ ठेवलाय. रंग वेगळा, उजेड जवळपास तेवढाच. म्हणून तर तो थरथरल्यासारखा वाटतो. मालकांना तिथेच मोबाइलवर दाखवलं. फाइल ब्लॅक अँड व्हाइट केली की सूर्य धुक्यात जवळजवळ विरतो. त्यांच्या प्रिंटचा फोटो तसाच केला, तर सूर्य पांढरा ठिपका होऊन तिथेच! धुकंही ‘साफ’ केलेलं, त्यामुळे मागच्या डोलकाठ्या आणि क्रेन रेघेने आखल्यासारख्या. 1874 च्या पॅरिसच्या प्रदर्शनात समीक्षक लुई लेरॉयने या चित्राची टर उडवली होती, भिंतीला चिकटवायचा अर्धवट छापलेला कागदसुद्धा याहून पुरा असतो म्हणून. त्याच्या त्या थट्टेवरूनच या चित्रकारांना ‘इम्प्रेशनिस्ट’ हे नाव पडलं. आमच्या दुकानदाराने चित्र पुरं करून टाकलं, लेरॉय खूश झाला असता.

मालक मात्र माणूस सरळ. वाद न घालता दुसरा प्रिंट काढून दिला, फक्त कॅनव्हासचे पैसे घेतले. या खेपेला पाण्यातले ते तुटक नारिंगी फटकारे नीट उतरलेत. ब्रशचा उंचवटा छपाईत येत नाही, तो येणारही नाही.

फ्रेमिंगला पाच स्टार, छपाईला तीन. ऑर्डर देताना ‘कलर करेक्शन नको’ असं पावतीवरच लिहून घ्या, आणि लॅमिनेशन मॅटच सांगा. ग्लॉसीवर ट्यूबलाइट चमकते.