सालामांका की ग्रानादा : उन्हाळ्यात स्पॅनिश शिकायला जाणाऱ्याने कोणते शहर निवडावे?

1492 साली 2 जानेवारीला ग्रानादाच्या शेवटच्या मुस्लिम राजाने आपले शहर इसाबेल राणी आणि फेर्नांदो राजा यांच्या हवाली केले, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सालामांका येथे आंतोनियो दे नेब्रिखा या पंडिताने लिहिलेले कास्तीयानो, म्हणजेच स्पॅनिश, भाषेचे व्याकरण छापून बाहेर पडले. युरोपातल्या बोलत्या भाषेचे छापील व्याकरण म्हणून त्याचा मान पहिला समजला जातो. स्पॅनिश शिकण्यासाठी चार-सहा आठवडे स्पेनला जाण्याचा विचार करणाऱ्या विद्यार्थ्यासमोर आज बहुधा हीच दोन नावे येतात, आणि योगायोग असा की पाचशे वर्षांनंतरही एक शहर व्याकरणाचे आणि दुसरे कानाचे राहिले आहे. मी या दोन्ही ठिकाणी एकेक उन्हाळा शिकले, आधी सालामांकात आणि दोन वर्षांनी ग्रानादात. पुढचे लिखाण त्या अनुभवावर बेतलेले आहे.

विद्यापीठांच्या दर्जात डावे-उजवे करण्यासारखे फारसे काही नाही. सालामांका विद्यापीठ 1218 सालचे, म्हणजे आजही चालू असलेल्या स्पॅनिश विद्यापीठांपैकी सर्वांत जुने. ग्रानादाचे 1531 सालचे. सालामांकात परदेशी विद्यार्थ्यांसाठी ‘कुर्सोस इंतेर्नासिओनालेस’ हा विभाग आहे, तर ग्रानादात ‘सेंत्रो दे लेंग्वास मोदेर्नास’ ही संस्था रेआलेखो या जुन्या वस्तीतल्या एका ऐतिहासिक वास्तूत भरते. दोन्हीकडे पहिल्याच दिवशी पातळी ठरवणारी चाचणी होते, वर्ग बहुतेक सकाळी असतात, आणि सघन अभ्यासक्रमात आठवड्याला साधारण वीस तास शिकवले जाते. चार आठवड्यांचे ऐंशी तास होतात. एवढ्या तासांत एक संपूर्ण पातळी ओलांडता येते असे जाहिरातींवरून वाटते. माझ्या मते अर्धी पातळी नीट पक्की झाली तरी पैसे वसूल झाले असे समजावे. उरलेली अर्धी वर्गाबाहेर मिळवायची असते, आणि नेमक्या त्याच बाबतीत ही दोन शहरे एकमेकांपासून फार वेगळी आहेत.

सालामांकाचे पहिले आकर्षण म्हणजे तिथली भाषा. शब्द सावकाश उच्चारले जातात, शेवटचा ‘स’ शाबूत राहतो, आणि ‘कासा’ (घर) व ‘काथा’ (शिकार) यांतला फरक ऐकणाऱ्याला सहज कळतो. पुस्तकात जे वाचले तेच कानावर पडते, याचा नवख्याला केवढा आधार वाटतो हे तिथे गेल्यावरच समजते. मात्र ‘जगातली सर्वांत शुद्ध स्पॅनिश आमचीच’ हा तिथला अभिमान आपल्याकडच्या सदाशिव पेठी अभिमानाच्याच जातीचा आहे, आणि भाषाशास्त्रात त्याला आधार नाही. खुद्द कास्तीयाच्या, म्हणजे मध्य स्पेनच्या, पट्ट्यात सर्वनामांची अशी काही अदलाबदल सर्रास चालते, की व्याकरणाच्या पेपरात तीच लिहिली तर गुण कापले जातील.

ग्रानादात ही सगळी घडी विस्कटते. माझे बिऱ्हाड साइदीन या दक्षिणेकडच्या कामगारवस्तीत होते. पहिल्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याने टोमॅटो तोलून झाल्यावर मान वर न करता मला विचारले, ‘ना मा?’ मी गप्प. त्याने पुन्हा विचारले, मग तिसऱ्यांदा, जरा चढ्या आवाजात. मागे उभ्या असलेल्या आजीबाईंनी माझ्यावर दया येऊन तोंड मोठे उघडून सांगितले, ‘नादा मास’, म्हणजे ‘आणखी काही नको ना?’ सालामांकात चार आठवडे काढून, प्रमाणपत्र घेऊन आलेली मी दोन अक्षरांपुढे निरुत्तर झाले होते. शेवटचा ‘स’ गिळायचा, मधला ‘द’ उडवायचा, ‘पेस्कादो’चे (मासा) ‘पेकाओ’ करायचे, ही तिथली रोजची रीत आहे. पुण्यात पुस्तकी मराठी शिकलेला परदेशी माणूस थेट कोल्हापूरच्या तालमीत जाऊन बसला तर त्याची जी अवस्था होईल, तीच इथे पहिले दहा दिवस होते. अकराव्या दिवसापासून मात्र कान असा तयार होतो, की पुढे मेक्सिकोचा माणूस भेटो वा क्यूबाचा, त्याचे बोलणे फारसे अडत नाही. कारण अटलांटिकपलीकडे गेलेल्या स्पॅनिशवर आंदालुसियाच्या, म्हणजे ग्रानादा ज्या दक्षिणेकडच्या प्रांतात आहे त्याच्या, बोलीचा ठसा मोठा आहे.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. युरोपात भाषेची पातळी A1 (अगदी नवखा) ते C2 (पारंगत) अशी मोजतात. ज्याची पातळी A1 किंवा A2 आहे, ज्याला क्रियापदांची रूपे अजून बोटांवर मोजून आठवावी लागतात, त्याने सालामांकाला जावे. जो B1 च्या पुढे आहे, ज्याला वाचता-लिहिता येते पण समोरचा भरभर बोलू लागला की धागा सुटतो, त्याने ग्रानादाची वाट धरावी. पहिल्या प्रकारच्या विद्यार्थ्याने आल्हाम्ब्रा या मुस्लिम राजांच्या जगप्रसिद्ध किल्ला-राजवाड्याच्या ओढीने ग्रानादा निवडले, तर तो दोन आठवड्यांत खचून इंग्रजी बोलणाऱ्यांच्या कंपूत शिरतो, हे मी स्वतः पाहिले आहे.

सालामांकाचा मोठा दोष माहितीपुस्तिकेत कुठेच सापडत नाही. जेमतेम दीड लाखाच्या या शहराचा जीव विद्यार्थ्यांत आहे, आणि जुलै लागताच स्थानिक विद्यार्थी आपापल्या गावी निघून जातात. मागे उरतात ते आमच्यासारखे परदेशी. प्लासा मायोर या अठराव्या शतकातल्या देखण्या चौकात रात्री सगळे जमिनीवरच गोल करून बसतात, विल्यामायोरचा सोनेरी दगड दिव्यांच्या उजेडात उजळून निघतो, आणि आजूबाजूला ऐकू येते ते इंग्रजी. माझ्या यजमानीण बाईंच्या घरी माझ्याशिवाय आणखी तीन परदेशी मुली होत्या. ‘कुटुंबात राहण्याची सोय’ म्हणून जे पैसे भरले होते, त्यात कुटुंब म्हणजे त्या बाई एकट्याच, आणि त्याही जेवण वाढून दूरचित्रवाणीपुढे जाऊन बसणाऱ्या. हे त्याच शहरात घडते असे नाही. पण जागा ठरवतानाच ‘घरात दुसरे किती विद्यार्थी असतील’ आणि ‘घरात मुले किंवा आजी-आजोबा आहेत का’ हे दोन प्रश्न लेखी विचारावेत. ग्रानादाची वस्ती सव्वादोन लाखांच्या पुढे आहे, आणि विद्यार्थी गेले तरी साइदीनसारख्या वस्त्यांतले संसार जागच्या जागी असतात. आल्बाइसीनमध्ये, म्हणजे आल्हाम्ब्रासमोरच्या टेकडीवरच्या जुन्या मोहल्ल्यात, राहण्याचा मोह सगळ्यांना होतो, पण तिथे शेजारी म्हणून पर्यटकच जास्त लाभतात आणि दगडी चढ रोज दोनदा चढावा लागतो तो वेगळाच.

याच ठिकाणी आपल्याकडच्या विद्यार्थ्याच्या पथ्यावर पडणारी एक गोष्ट आहे. महाराष्ट्रातली उन्हाळी सुट्टी एप्रिल-मेमध्ये येते आणि जून-जुलैत नवे सत्र सुरू होते, तर स्पेनची सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये असते. या अडचणीपायी पुष्कळ जण बेतच रद्द करतात. वास्तविक दोन्ही विद्यापीठांचे स्पॅनिशचे वर्ग वर्षभर चालतात, आणि मे महिन्यात गेल्यास सालामांकाचा वर सांगितलेला दोष जवळजवळ नाहीसा होतो: ग्रंथालये भरलेली असतात, परीक्षेच्या धास्तीतले स्थानिक विद्यार्थी भेटतात, आणि इंग्रजी सुधारायची आहे म्हणून भाषांची देवाणघेवाण करायला त्यांच्यातलाच कोणीतरी तयार होतो. सोबत स्वेटर मात्र न्यावा. सालामांका आठशे मीटर उंचीवर आहे आणि मेमधल्या रात्री चांगल्याच गार असतात. ग्रानादाचा मे तर वर्षातला सर्वांत सुखाचा महिना. 3 मे रोजी चौकाचौकांत फुलांचे क्रूस उभारले जातात आणि सगळे गाव रस्त्यावर येते.

जुलैत जाणे भागच असेल, तर हवामानाचा विचार गंभीरपणे करावा. सालामांकात दुपारी पारा तिशीच्या आसपास जातो आणि रात्री पांघरूण लागते. ग्रानादात पस्तिशी नित्याची असते आणि उष्णतेची लाट आली की चाळीसही गाठते. विदर्भातल्या विद्यार्थ्याला हे आकडे हास्यास्पद वाटतील, पण भाड्याच्या अनेक खोल्यांत पंख्याचीही सोय नसते. खिडक्यांच्या पट्ट्या सकाळीच खाली ओढून घर अंधारात ठेवणे हाच तिथला उपाय आहे, आणि पाचच्या आत बाहेर पडण्याचे कारण नाही. दोन्हीकडे सूर्य साडेनऊनंतर मावळतो, जेवण दहाच्या सुमारास होते, त्यामुळे दिवस खरा सुरू होतो तो संध्याकाळी. ऑगस्टमध्ये कोणत्याही शहरात जाऊ नये. दुकानांना कुलपे असतात आणि बोलायला माणूस सापडत नाही.

शाकाहारी विद्यार्थ्याला दोन्ही शहरे सारखीच जड जातात, तरी ग्रानादा थोडे सुसह्य आहे. सालामांकाचा अभिमानाचा पदार्थ ‘ओर्नासो’ म्हणजे डुकराचे मांस भरलेली जाड रोटी. ‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, एवढेच सांगितले तर पानात टुना मासा किंवा हॅमचे तुकडे येण्याची शक्यता दाट असते, कारण तिथल्या बोलण्यात त्यांना मांस म्हणतच नाहीत. मासे आणि ‘खामोन’ (हॅम) यांची नावे घेऊनच नकार द्यावा. ग्रानादात पेय मागवले की त्यासोबत ‘तापा’, म्हणजे खाण्याची एक छोटी बशी, फुकट मिळतो, आणि दोन पेयांत गरीब विद्यार्थ्याचे रात्रीचे जेवण उरकते, हे खरे आहे. पण तापा कोणता हे बरेचदा मालकच ठरवतो, म्हणून आधी सांगून ठेवावे. वांग्याचे तळलेले काप वर काकवीची धार सोडून देतात, ते जरूर मागवावेत. घाटावरच्या माणसाला काकवी ओळखीची वाटेल, वांग्याबरोबर मात्र ती खाल्ली नसेल.

ओळखीच्या शब्दांचा हा आनंद दोन्हीकडे मिळतो. सालामांकातल्या माझ्या खोलीची खिडकी कुरकुरत असे. दुरुस्तीला आलेल्या माणसाने बोट दाखवून ‘बिसाग्रा’ म्हटले आणि मला एकदम आपली बिजागरी दिसली. पोर्तुगीजांनी गोव्यामार्गे आपल्याला जे शब्द दिले त्यांची भावंडे स्पॅनिशमध्ये आहेतच. ‘पागार’ म्हणजे पैसे देणे हे क्रियापद पाठ करायला मराठी माणसाला वेगळे कष्ट लागत नाहीत. ग्रानादात हीच साखळी उलट्या दिशेने लागते. संत्र्याला तिथे ‘नारांखा’ म्हणतात, आणि संस्कृतातला नारंग फारसी-अरबीच्या वाटेने आंदालुसियात कसा पोहोचला, हे एका संत्र्याच्या झाडाखाली उभे राहून आमच्या शिक्षिकेने सांगितले, तेव्हा वर्गातल्या बावीस देशांच्या नकाशावर मला प्रथमच आपले गाव दिसले.

खर्चात दोन्ही शहरे माद्रिद-बार्सेलोनापेक्षा बरीच स्वस्त आहेत. प्रवासात सालामांका सोपे: माद्रिदच्या विमानतळावरूनच थेट बस मिळते आणि अडीच-तीन तासांत पोहोचवते. ग्रानादाला वेगवान रेल्वेने साडेतीन तासांच्या आसपास लागतात, पण त्यासाठी आधी शहरातल्या स्थानकावर जावे लागते. सुट्टीच्या दिवशी सालामांकाहून आविला आणि सेगोविया गाठता येते. ग्रानादाहून कोर्दोबा, आल्पुखारातली पांढरी खेडी आणि तासाभरावरचा समुद्र. इथे ग्रानादा सरस आहे, यात वाद नाही.

बार्सेलोना मी या तुलनेत मुद्दाम धरले नाही. तिथली दुसरी अधिकृत भाषा कातालान आहे, पाट्यांवर आणि पुष्कळ घरांत तीच असते. स्पॅनिशसाठी आलेल्या विद्यार्थ्याने तिथे जाणे म्हणजे मराठी शिकायला बेळगावात जाण्यासारखे आहे. शिकता येईल, पण दुसऱ्याच वादात. ज्याला उष्मा अजिबात सोसत नाही, त्याने उत्तर किनाऱ्यावरच्या सांतांदेरचा विचार करावा. तिथल्या माग्दालेना राजवाड्यात 1932 पासूनची उन्हाळी विद्यापीठाची परंपरा आहे. मात्र उन्हाळ्यात तिथे जागा महाग पडते आणि छत्री विसरून चालत नाही.

व्हिसाच्या बाबतीत शहरामुळे फरक पडत नाही. नव्वद दिवसांपर्यंतच्या अभ्यासक्रमाला अल्पकालीन शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामायिक व्हिसा) चालतो. त्याचे शुल्क जून 2024 पासून प्रौढांसाठी 90 युरो आहे, किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे, आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मेमध्ये जायचे असेल तर जानेवारीतच प्रवेश निश्चित करून विद्यापीठाचे पत्र हाती घ्यावे आणि महाविद्यालयाचे ना-हरकत पत्रही त्याच वेळी मागावे. परीक्षेच्या दिवसांत ते मिळवणे किती जिकिरीचे असते हे विद्यार्थ्यांना सांगायला नको.

आणि निवड ग्रानादाची झाली, तर वर्गाच्या तारखा कळताच, राहण्याची जागा पक्की करण्याच्याही आधी, आल्हाम्ब्राचे तिकीट काढावे. त्याच्या आतल्या नासरी राजवाड्यांत शिरण्याची वेळ तिकिटावर छापलेली असते आणि ती चुकली की आत सोडत नाहीत. तिकीट पासपोर्टवरच्याच नावाने घ्यावे, आणि वेळ वर्ग सुटल्यानंतरची निवडावी. माझे तिकीट सकाळी साडेनऊचे निघाले होते, आणि त्या दिवशी वर्गात इच्छार्थक क्रियारूपे शिकवून झाली. ती अजूनही मला नीट येत नाहीत.