२१० किलोंच्या नेकेड बाइकवर जिमखाना: आठ महिन्यांच्या वापरानंतर

जिमखाना म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मैदान आणि क्लब येतो. मोटरसायकल जिमखाना हा जपानमध्ये रुजलेला खेळ आहे. डांबरी पटांगणावर ट्रॅफिकचे कोन मांडायचे आणि ठरलेल्या मार्गाने कमीत कमी वेळात बाहेर पडायचं. लाल कोनला उजवं वळण, निळ्याला डावं. कोनला धक्का लागला किंवा पाय टेकला की वेळेत दंडाचे सेकंद वाढतात.

यासाठी हलकी सुपरमोटोच (डांबरी रस्त्याचे टायर लावलेली डर्ट बाइक) हवी, असा सल्ला सर्रास मिळतो. चार सिलिंडरची, ९०० सीसी वर्गातली नेकेड (म्हणजे बाहेरचं आवरण नसलेली) बाइक आठ महिने दर आठवड्याला दोन-अडीच तास वापरल्यावर हा सल्ला अर्धाच खरा वाटतो. वजन जाणवतं ते गाडी उभी असताना आणि पडल्यावर. चालत्या गाडीत खरा अडथळा असतो पहिल्या गियरचा.

हिशोब साधा आहे. अशा गाडीचा पहिला गियर १०,५०० आरपीएमला जवळजवळ १०० किमी वेग देतो. कोनभोवतीचं घट्ट वळण असतं १५ किमीच्या आसपास, म्हणजे इंजिन १,५७५ आरपीएमवर. तिथे इंजिन गुदमरतं आणि थ्रॉटल (अॅक्सिलरेटर) उघडल्यावर धक्का देतं. मग नवशिक्या घाबरून क्लच दाबतो आणि गाडी आतल्या बाजूला कोसळते. जड गाड्यांच्या सुरुवातीच्या बहुतेक पडझडीचं मूळ इथेच आहे, म्हणून पहिला खर्च स्प्रॉकेटवर, म्हणजे चेनच्या दातेरी चाकांवर, करावा. टायर आणि सस्पेन्शन नंतर.

१६/४३ च्या (पुढे १६ दात, मागे ४३) जागी १५/४७ लावल्यावर गुणोत्तर २.६९ वरून ३.१३ वर जातं. १५ किमीला इंजिन आता १,८०० च्या थोडं वर फिरतं. एवढ्यानेच गाडी इतकी बदलते की ओळखू येत नाही. एकूण तीन दात वाढल्यामुळे मागचं चाक साधारण १२ मिमी पुढे सरकवावं लागतं. अॅडजस्टरमध्ये तेवढी जागा नसेल तर दोन कड्यांनी लांब चेन घ्या. पुढचं स्प्रॉकेट १४ पर्यंत नेण्याचा मोह टाळा, कारण चेन स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) रबरी पट्टीला घासू लागते आणि पट्टी लवकर संपते. हायवेवर त्याच वेगाला आरपीएम सुमारे १७ टक्क्यांनी जास्त राहतो. लांबच्या प्रवासात तो आवाज नकोसा होतो, हे मान्य.

दुसरी गोष्ट आयडल, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिन फिरतं तो वेग. केबल थ्रॉटल असेल तर सरावापुरता आयडल १,७०० ते १,८०० वर ठेवा. त्यामुळे थ्रॉटल पूर्ण बंद केला तरी इंजिन गाडीला एकदम मागे ओढत नाही. राइड-बाय-वायर (केबलऐवजी इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या) गाडीत आयडलचा स्क्रू नसतो, तिथे रेन मोड (पावसासाठीचा सौम्य मोड) बऱ्यापैकी काम भागवतो. थ्रॉटलचा फ्री प्ले (पकड घेण्याआधीची मोकळी हालचाल) १ ते २ मिमी असावा. तो कमी केल्यावर इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. आरपीएम वाढला तर केबल ताणली जाते आहे, आणि अशी गाडी पूर्ण लॉकच्या (हँडल टोकापर्यंत वळवलेल्या) वळणात स्वतःहून उसळते. ही तपासणी कधीही चुकवू नका.

गाडी पडणारच. एकाच बोल्टवर टिकलेले स्लायडर (पडल्यावर गाडीला वाचवणारे ठोकळे) जड गाडीला पुरत नाहीत. आघाताने बोल्ट वाकतो आणि सगळा जोर फ्रेमवर जातो. इंजिनच्या एकाहून अधिक माउंटिंगवर बसणारे, दोन्ही बाजू जोडणारे क्रॅश गार्ड घ्या आणि त्यांना बदलता येणारे प्लास्टिकचे ठोकळे लावा. क्लच आणि ब्रेक लीव्हरच्या पकडीखाली टेफ्लॉन टेपचे दोन वेढे द्या आणि बोल्ट एवढाच कसा की हाताने जोर लावल्यावर लीव्हर हँडलवर फिरेल. पडल्यावर तो फिरतो, तुटत नाही. तरी एक क्लच लीव्हर आणि एक गियर लीव्हर जवळ असू द्या. पडलेली गाडी सुरू होत नसेल तर आधी चावी बंद करून पुन्हा चालू करा, कारण कलंडल्याचा सेन्सर इंजिन बंद करतो. सुरू करण्यापूर्वी थ्रॉटल मोकळा परततो का, कुठून तेल गळतंय का, हे पाहा.

टायरसाठी रस्त्याचे स्पोर्ट टायर उत्तम. ट्रॅकचे टायर या वेगाला नीट तापतच नाहीत. टायर थंड असताना दोन्ही चाकांतल्या हवेचा दाब ३२ पीएसआयपासून सुरू करावा. टायरच्या कडा झिजतात आणि मधला भाग नवा दिसतो, म्हणून मधली खोली पाहून समाधान मानू नका. फोर्कचा (पुढच्या सस्पेन्शनचा) रिबाउंड, म्हणजे दबल्यावर परत वर येण्याला होणारा विरोध, मूळ सेटिंगपेक्षा दोन क्लिक घट्ट केला तर वळणात पुढचा ब्रेक सोडताना नाक एकदम उचलत नाही आणि गाडी बाहेर फेकली जात नाही.

सरावाचा क्रम महत्त्वाचा. आधी ८ मीटर व्यासाचं वर्तुळ, मग ७, मग जमेल तसं ६. दोन्ही दिशांना सारखा वेळ द्या, एक बाजू नेहमीच कच्ची असते. क्लच पूर्ण सोडलेला, थ्रॉटल किंचित आणि स्थिर, मागचा ब्रेक हलका धरलेला. गाडी आत झुकू लागली तर क्लच न दाबता मागचा ब्रेक थोडा सोडा. चाकाला ओढ मिळते आणि गाडी स्वतः उभी होते. हे अंगवळणी पडलं की निम्मी भीती जाते. त्यानंतर दोन कोनांभोवती आठाचा आकडा, आधी १२ मीटर अंतर ठेवून, मग ९. सरळ रांगेतल्या कोनांमधून नागमोडी जायचं तर १० मीटरने सुरुवात.

पुढचा ब्रेक वळणाच्या आत शिरेपर्यंत हळूहळू सोडत न्यायचा असतो. फोर्क दबलेला राहिला की पुढची भूमिती तीव्र होते आणि जड गाडीसुद्धा चटकन वळते. मात्र हँडल पूर्ण वळलेलं असताना तोच ब्रेक आवळला तर गाडी क्षणात जमिनीवर. नजर कोनवर अडकू देऊ नका, मान वळवून निघण्याच्या दिशेला पाहा. हनुवटी खांद्यावर टेकेपर्यंत वळवली तरी ते जास्त होत नाही.

उष्णतेकडे दुर्लक्ष महागात पडतं. दहा मिनिटं चालवा, दहा मिनिटं थांबा, पंखा फिरू द्या. ओल्या, म्हणजे इंजिन ऑइलमध्ये चालणाऱ्या, क्लचसाठी जासो एमए२ (मोटरसायकल तेलाचं जपानी मानक) दर्जाचंच तेल वापरा आणि ते नेहमीच्या निम्म्या अंतरावर बदला. क्लच तापला की लीव्हरचा फ्री प्ले बदलतो, म्हणून मध्ये तपासा. मागचा ब्रेक सतत धरून ठेवल्याने तिथलं द्रव उकळतं आणि पेडल मऊ पडतं. तसं जाणवलं की लगेच थांबा. डॉट ४ (ब्रेकचं) द्रव दरवर्षी बदलणं या वापरात चैन नाही.

पूर्ण फेअरिंग (बाहेरचं आवरण) आणि खाली लावलेले क्लिप-ऑन (दोन वेगवेगळे छोटे हँडल) असलेल्या गाडीवर मात्र सुरुवात करू नये. पूर्ण लॉकला बोटं टाकी आणि हँडलमध्ये सापडतात.

सराव संपल्यावर रस्त्याला लागण्यापूर्वी हवा कंपनीच्या आकड्यावर आणा, आयडल खाली करा, ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरू न देणारी यंत्रणा) बंद केला असेल तर चालू करा, आणि क्रॅश गार्डचे बोल्ट पान्याने एकदा तपासा. पडल्यानंतर सैल होतात ते आधी हेच.