साठ-सत्तर कॉम्प्युटरची अपडेटं लांबून सांभाळायची तर डब्ल्यूसस, इंट्यून की एजंटवालं टूल?

आपल्याकडची टिपिकल केस अशी, की ठाण्यात वागळे इस्टेटला ऑफिस, महाप्याला नाहीतर रबाळ्याला प्लांट, दहा-बारा सेल्सवाले लॅपटॉप घेऊन डोंबिवली-पनवेलहून काम करतात आणि आयटी म्हणून एकच माणूस, तो पण प्रिंटरचा कागद अडकला की तिकडे पळणारा. अशा ठिकाणी एनीडेस्क (लांबून दुसऱ्याची स्क्रीन चालवायचं सॉफ्टवेअर) लावून एकेका मशीनवर 'चेक फॉर अपडेट्स' दाबत बसणं हा काय धंदा नाही, काहीतरी एकाच जागेवरून चालणारं पाहिजे. आणि पर्याय खरं तर तीनच आहेत: डब्ल्यूसस, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं ऑफिसातल्या सर्व्हरवरून अपडेट वाटणारं, इंट्यून, म्हणजे त्यांचंच इंटरनेटवरून मशीन सांभाळणारं, आणि एजंटवालं, म्हणजे प्रत्येक मशीनवर छोटा प्रोग्रॅम बसवून चालणारं.

त्याआधी कॅलेंडर बघा, कारण टूल कुठलंही घेतलं तरी डोकेदुखी तिथेच आहे. मायक्रोसॉफ्टचे पॅच, म्हणजे दुरुस्तीची अपडेटं, महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा नाहीतर साडेअकरा वाजलेले असतात, म्हणजे बुधवारी सकाळी लोक मशीन चालू करतात आणि तेव्हा सगळं सुरू होतं. दुसरा मंगळवार ८ ते १४ तारखेत कधीही पडतो आणि जीएसटी रिटर्नची, म्हणजे जीएसटीआर-१ ची शेवटची तारीख ११, ३बी ची २०. आता सांगा, अकाउंट्सवाल्या मॅडमचं मशीन १० तारखेला 'रीस्टार्टिंग' दाखवत बसलं तर फोन कोणाला येणार? म्हणून अकाउंट्सला १४ दिवसांचं डिफरल ठेवायचं, म्हणजे अपडेट तेवढे दिवस उशिरा घ्यायचं. म्हणजे त्यांचं अपडेट २२ ते २८ मध्येच येतं आणि दोन्ही तारखा टळतात. आयटीची दोन-तीन मशीन लगेच, बाकी ऑफिस साधारण आठवड्याने. एखाद्या महिन्यात खरंच डेंजर पॅच आला, चालू हल्ल्यांमध्ये वापरला जाणारा, तर मात्र थांबायचं नाही, २० तारीख असली तरी.

आता डब्ल्यूसस. लायसन विंडोज सर्व्हरमध्येच येतं म्हणून मालकांना हे आवडतं, आणि एकदाच डाउनलोड करून ऑफिसभर वाटतं त्यामुळे लाइनवर लोड नाही. पण मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२४ मध्येच सांगून टाकलंय की यात आता नवीन काही घालणार नाही, चालू ठेवणार इतकंच. वर त्याची निगा राखावी लागते, क्लीनअप चालवला नाही तर कन्सोल उघडताना 'रीसेट सर्व्हर नोड' ही एरर येते आणि मग अर्धा दिवस गेला. डोंबिवलीचा लॅपटॉप व्हीपीएनला (ऑफिसच्या नेटवर्कला लांबून जोडणारी सोय) जोडला नाही तर त्याचं नावच दिसत नाही. क्रोम, ॲडोबी, झूम हे सरळ होत नाही. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये याच डब्ल्यूससमध्ये सुरक्षेचं इतकं मोठं भोक निघालं की मायक्रोसॉफ्टला ऐन भाऊबीजेच्या सुमारास वेगळा इमर्जन्सी पॅच काढावा लागला, म्हणजे पॅच वाटणाऱ्यालाच पॅच. नव्याने उभारू नका. अपवाद फक्त प्लांटमधल्या अशा मशीनचा, ज्यांना इंटरनेट द्यायचंच नाहीये.

इंट्यूनचं म्हणाल तर मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस प्रीमियमचं लायसन तुम्ही आधीच भरत असाल, तर ते त्यातच येतं, वेगळं काही घ्यायला नको, बऱ्याच ऑफिसात पैसे भरतात आणि उघडूनसुद्धा बघत नाहीत. मशीन कुठेही असो, घरी, गाडीत, क्लायंटकडे, इंटरनेट मिळालं की पॉलिसी लागते. वर सांगितलं तसे गट म्हणजेच यातल्या अपडेट रिंग्ज, डिफरल ३० दिवसांपर्यंत, डेडलाइन (त्यानंतर मशीन आपोआप अपडेट होतं) आणि वर ग्रेस पीरियड, म्हणजे थोडी सवलत. डेडलाइन हे यातलं सगळ्यात कामाचं बटण, कारण 'नंतर करतो' म्हणणारा माणूस महिनाभर नंतरच म्हणत राहतो. वैताग एवढाच की हे टूल हुकूम सोडत नाही, नियम सांगून गप्प बसतं, मशीन आपल्या सवडीने ऐकतं आणि रिपोर्ट त्याहून सवडीने येतो. साहेब मागे उभे राहून 'झालं का' विचारत असतील तर घाम फुटतो. शिवाय मशीनवर विंडोज प्रो पाहिजे, असेंबल केलेल्या मशीनवर होम एडिशन टाकलेली असेल तर आधी तो खर्च.

तिसरं एजंटवालं. ॲक्शनवन, मॅनेजइंजिन (आपल्या चेन्नईच्या झोहोचं) वगैरे. प्रत्येक मशीनवर छोटा प्रोग्रॅम बसवायचा, मग ब्राउझरमधून सगळं दिसतं, कोणाचं काय बाकी आहे ते, क्रोम-ॲडोबीसकट, आणि 'आत्ता टाक' म्हटलं की आत्ता टाकतं. ॲक्शनवन २०० मशीनपर्यंत फुकट आहे, ठाण्यातल्या बहुतेक ऑफिसला तेवढं पुरतं. माझा कल इकडेच आहे. पण एक लक्षात घ्या, ज्याच्या हातात हा कन्सोल त्याच्या हातात तुमचं अख्खं ऑफिस. जुलै २०२१ मध्ये कसेया नावाच्या कंपनीच्या अशाच टूलमधून रॅन्समवेअर (फाइली अडकवून पैसे मागणारा व्हायरस) पसरलं होतं. त्यामुळे लॉगिनला मोबाइलवरचा दुसरा टप्पा लावा, आणि जुन्या एएमसीवाल्याचा (वार्षिक मेंटेनन्सवाल्याचा) अकाउंट अजून चालू आहे का तेही बघा (असतो!).

आणि लांब कशाला जायचं, २७ जून २०१७ ला नॉटपेट्या व्हायरसने जगभर मर्स्क या जहाज कंपनीच्या सिस्टिम बंद पाडल्या तेव्हा इथे जेएनपीटी बंदरातलं त्यांचं टर्मिनलसुद्धा अडकलं होतं. तो व्हायरस आत शिरला युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून, आणि पसरायला त्याने विंडोजमधली जी भोकं वापरली त्यांचा पॅच मार्चमध्येच येऊन पडलेला होता. म्हणजे अपडेट टाळणारा पण मेला आणि आलं तसं गिळणारा पण. दोन-तीन मशीनवर आधी चालवून बघायचं ते एवढ्यासाठी, आणि ही सोय तिन्ही पर्यायांत आहे, करायचा कंटाळा असतो ही वेगळी गोष्ट.

रात्री दोनचं शेड्यूल मात्र लावू नका. आपल्याकडे संध्याकाळी निघताना प्यून बोर्डावरचे स्विच बंद करतो, मग वेक-ऑन-लॅन (नेटवर्कवरून बंद मशीन चालू करणं) बिक-ऑन-लॅन काही चालत नाही. दुपारी जेवणाच्या वेळेत डाउनलोड-इन्स्टॉल, आणि घरी जाताना 'अपडेट अँड शट डाउन', पूर्ण बंद झाल्यावरच स्विच, हे प्यूनलाच नीट समजावून सांगा, मेल टाकून उपयोग नाही.

विंडोज १० ची मशीन पडून असतील तर त्यांना यातलं कुठलंच टूल वाचवत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला सपोर्ट संपला, कंपन्यांना जादा पॅच हवे असतील तर पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट. चौथ्या जनरेशनच्या आय-थ्रीवर हे पैसे घालण्यापेक्षा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आठव्या किंवा त्यापुढच्या जनरेशनचं रिफर्बिश्ड उचला, विंडोज ११ चालेल असं, आणि प्रोचं लायसन आहे ना ते दुकानातच चालू करून बघा.