गिरणगावाचा इतिहास इंदूरमध्ये बसून वाचताना: राज चंदावरकर यांचा ग्रंथ

राजनारायण चंदावरकर यांचा ‘द ओरिजिन्स ऑफ इंडस्ट्रियल कॅपिटॅलिझम इन इंडिया’ हा ग्रंथ केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने 1994 साली प्रसिद्ध केला. 1900 ते 1940 या काळातील मुंबईच्या कापडगिरण्या आणि तेथील कामगार हा त्याचा विषय आहे. तरीही गिरण्यांवर वाढलेल्या इंदूरमधील मराठी वाचकाने तो विकत घेऊन सावकाश वाचावा, असे मला मनापासून वाटते.

कामगाराची नाळ गावाशी जोडलेली राहिली, म्हणून तो पुरता शहराचा झाला नाही आणि गिरणीत त्याला शिस्तही लागली नाही, अशी तक्रार मालक वर्षानुवर्षे करत आले. चंदावरकर ही मांडणी मुळापासून तपासतात. कापडाच्या मागणीतील चढउतारांप्रमाणे मालक माणसे कमीजास्त करत. बदली कामगार रोज सकाळी गिरणीच्या दारात उभा राही आणि काम मिळाले नाही तर रिकाम्या हाताने परत जाई. आजारपणाचा, बेकारीचा, म्हातारपणाचा भार मालकाने उचललाच नाही, तो रत्नागिरीकडच्या घराने आणि तिथल्या तुटपुंज्या शेतीने उचलला. गावाशी संबंध टिकवणे हा कामगाराचा मागासलेपणा नसून पोटासाठी केलेला पूर्ण विचारांती व्यवहार होता, आणि 1928 चा संप सुमारे सहा महिने तग धरू शकला त्यामागेही गावाचा हाच आधार होता, हे वाचताना मला कोकणातील स्थलांतराकडे पाहण्याची दृष्टीच बदलल्यासारखी वाटली.

गिरणगावावरील, म्हणजे मुंबईतील गिरणी कामगारांच्या वस्तीवरील प्रकरण तर मी पुन्हा पुन्हा वाचले. कामगारांची भरती करणारा जॉबर सर्वसत्ताधीश होता, हा समज येथे टिकत नाही, कारण त्याची पत चाळीतील ओळखींवर, उधारीवर आणि खानावळीच्या वर्तुळावर अवलंबून होती, आणि वस्तीने पाठ फिरवली की त्याचे कारखान्यातील वजनही घटत असे. प्रत्यक्ष कामाच्या जागेचे चित्रणही असेच नेमके आहे. धोट्याच्या, म्हणजे मागावर आडवे सूत नेणाऱ्या साधनाच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, म्हणून विटाळाच्या कल्पनेने सवर्ण विणकरांनी दलितांना विणकाम खात्यापासून दूर ठेवले. बरी मजुरी देणारे खाते असे जातीच्या आधारावर बंद राहिले, ही गोष्ट कामगारांच्या एकजुटीविषयी लिहिणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवायला हवी.

त्रुटीही सांगायला हव्यात. गिरण्यांच्या पुनर्रचनेवरील प्रकरणे जड आहेत आणि इंग्रजी वाक्ये लांबलचक आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, सरकारी कागदपत्रे आणि चौकशी अहवाल यांवर मोठी भिस्त असल्यामुळे कामगाराचा स्वतःचा आवाज कमी ऐकू येतो. गिरणगावातील लोकांच्या मुलाखतींवर आधारित एका संग्रहाला चंदावरकरांनी पुढे दीर्घ प्रस्तावना लिहिली. तो संग्रह सोबत वाचल्यास ही उणीव बरीच भरून निघते.

मुंबईत जन्मलेले चंदावरकर केंब्रिजमध्ये शिकले, तेथेच ट्रिनिटी कॉलेजचे फेलो झाले आणि आयुष्यभर भांडवल, श्रम आणि शहर याच विषयांवर काम करत राहिले. 2006 साली त्यांचे अकाली निधन झाले. निवडक निबंधांचा एक संग्रह त्यानंतर प्रसिद्ध झाला. इतक्या चिकाटीने एकाच शहराचा पिच्छा पुरवणारा अभ्यासक इंदूरच्या वाट्याला यावा, असे राहून राहून वाटते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून बंद असलेल्या हुकुमचंद मिलच्या कामगारांची सुमारे 224 कोटींची थकबाकी देण्याचा मार्ग डिसेंबर 2023 मध्ये मोकळा झाला, आणि अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, आजही निघतात; मात्र परदेशीपुऱ्याच्या कामगार वस्तीत राहायला आलेली कुटुंबे कोठून आली, त्यांना काम कोणी मिळवून दिले, टाळेबंदीच्या दिवसांत त्यांना उधार कोणी दिले, हे प्रश्न आपल्या शहरातही याच बारकाईने विचारले गेले पाहिजेत, आणि ते सांगू शकणारी माणसे आता वृद्ध झाली आहेत.

ग्रंथ साडेचारशेहून अधिक पानांचा आहे. प्रथमच हाती घेणाऱ्याने चौथ्या आणि पाचव्या, म्हणजे स्थलांतर आणि गिरणगाव या प्रकरणांपासून सुरुवात करावी, आणि पहिले सैद्धांतिक प्रकरण शेवटी वाचावे.