प्रोबायोटिक कॅप्सूल, ३० ची डबी: ५ पैकी २ तारे

दाढेच्या संसर्गावर आईला क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक दिलं होतं. दाढ बरी झाली, पण आठवड्याभरात पाण्यासारखे जुलाब लागले, दिवसातून बारा-तेरा वेळा. तपासणीत क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल हा आतड्यात संसर्ग करणारा जिवाणू निघाला. व्हँकोमायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकने तो आटोक्यात आला. पण साधारण पाचांतल्या एकाला हा आजार उलटतो म्हणे. ते ऐकून मी घाबरले आणि ही प्रोबायोटिकची, म्हणजे उपयोगी समजल्या जाणाऱ्या जिवंत जिवाणूंची, डबी मागवली.

कॅप्सूल लहान आहे, आईला गिळायला सोपी गेली, पोटही फुगलं नाही.

डबीवर मात्र मोठ्या अक्षरांत ‘आतड्याचं संपूर्ण संरक्षण’ लिहिलंय, ते मला अजिबात पटत नाही. संरक्षण करतात ते आतड्यात वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलेले शेकडो जातींचे जिवाणू. जागा त्यांनी अडवलेली, अन्न त्यांनी खाल्लेलं, मग बाहेरच्याला उरतं काय? त्यातले काही पित्ताम्लांचं (पित्तातल्या आम्लांचं) रूप असं पालटतात की डिफिसिलची वाढच खुंटते. अँटिबायोटिकने नेमकी हीच वस्ती उठवली आणि त्याला रान मोकळं मिळालं. डबीतल्या लॅक्टोबॅसिलस-बिफिडोबॅक्टेरियमना पित्ताम्लांचं ते शेवटचं रूपांतर जमत नाही, आणि त्यातले बहुतेक थोडे दिवस राहून निघून जातात. इस्राएलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटच्या २०१८ च्या अभ्यासात तर अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे मूळचे जिवाणू परतायला उलट जास्त वेळ लागला.

मागची बारीक अक्षरं भिंग लावून वाचली. ‘लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅमनोसस’ एवढंच नाव, पुढे स्ट्रेन (त्या जातीतला नेमका उपप्रकार) कुठला ते नाही. गुण तर स्ट्रेनचा असतो! ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूचेच काही स्ट्रेन जुलाब लावतात आणि ‘निसल १९१७’ हा त्याचाच स्ट्रेन प्रोबायोटिक म्हणून देतात. ‘१० अब्ज जिवंत जिवाणू’ हा आकडाही उत्पादनाच्या वेळचा. मुदत संपेपर्यंत किती तगतात, त्याबद्दल एक अक्षर नाही.

आठ आठवडे झाले, आईचा त्रास उलटलेला नाही. त्याचं श्रेय मी या कॅप्सूलला देणार नाही. तिचे स्वतःचे जिवाणू पुन्हा वसले असतील असंच मला वाटतं. दोन तारे त्रास झाला नाही म्हणून.

आणखी एक. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील किंवा मोठ्या शिरेत नळी असेल, तर हे जिवाणू क्वचित रक्तात शिरून संसर्ग करू शकतात. अशा माणसासाठी घेणार असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. डबीवर ही सूचना कुठेच नाही.